काजूच्या खोडावरचा डिंक : रोठा, बुरशी की दोन्ही?

कोल्हापूर म्हटले की ऊस आणि गूळ आठवतो. पण जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, चंदगड, आजरा, भुदरगड आणि गडहिंग्लजच्या डोंगरउतारांवर, अनेक घरांचा वर्षाचा हिशोब काजूवर चालतो. जांभ्याच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ऊस उभा राहत नाही, तिथे काजू राहतो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणाबरोबर या पट्ट्यातल्याही बऱ्याच वरकस जमिनी काजूखाली आल्या. त्या काळात लावलेली झाडे आता तिशी ओलांडून गेली आहेत. फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, बुंधे जाड झाले आहेत, आणि बागेतून फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. हिरव्यागार झाडात एखादीच फांदी तांबूस वाळलेली असते, पाने गळून न पडता तिलाच लटकलेली असतात, आणि खाली बुंध्यावर किंवा बेचक्यात तपकिरी डिंकाचे खडे साठलेले असतात. काय झाले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : रोठा लागलाय.

हे उत्तर पुष्कळदा बरोबर असते. पण सगळ्याच झाडांच्या बाबतीत नसते, आणि चुकते तिथे शेतकऱ्याचे पैसे, औषध आणि शेवटी झाडही जाते. काजूचे झाड कोणतीही जखम झाली की डिंक सोडते. अळीने पोखरले तरी डिंक येतो, बुरशीने साल कुजवली तरी येतो, कोयत्याचा घाव बसला तरी येतो. डिंक हा झाडाचा बचाव आहे. कोणी मारले हे त्यावरून कळत नाही. ते कसे ओळखायचे, जगभर या कामात काय शिकायला मिळाले आणि आपल्या पट्ट्यात काय करायला हवे, याचा हा आढावा आहे.

आधी रोगाचे स्वरूप पाहू. फांदीच्या किंवा खोडाच्या सालीचा एखादा भाग मरतो, खाली बसतो, काळपट होतो, कडांना चिरा पडतात आणि त्याखालचे लाकूडही रंग बदलू लागते. या व्रणाला जगभर कॅन्कर म्हणतात. आपल्याकडे लिंबावरच्या खैऱ्यालाही कॅन्कर म्हणतात, पण तो जिवाणूंमुळे होतो आणि त्याचा इथे संबंध नाही. साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा पातळ थर मेला की त्या जागी झाड पुन्हा भरून येत नाही. व्रण फांदीभोवती पूर्ण फिरला की वरचा भाग अन्नपाण्यावाचून वाळतो. बुंध्याला असे झाले तर सगळे झाड जाते. पानावरचा ठिपका पुढच्या पालवीत विसरता येतो, खोडावरचा व्रण वर्षानुवर्षे झाडाबरोबर वाढतो. कवचफळे देणारी झाडे दीर्घायुषी असल्यामुळे त्यांना हा रोग विशेष महाग पडतो.

किती महाग, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या चेस्टनटचे आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात काही चेस्टनट झाडांच्या सालीवर नारिंगी पुटकुळ्यांचे व्रण दिसले. दोन वर्षांत बुरशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज तिला क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका म्हणतात. पण ती आली कुठून हे १९१३ पर्यंत कळले नाही. त्या वर्षी फ्रँक मेयर या वनस्पतिसंग्राहकाला चीनमध्ये तीच बुरशी चिनी चेस्टनटवर आढळली, आणि तिथली झाडे मात्र तिला बऱ्यापैकी दाद देत नव्हती. तोवर अमेरिकेत फार उशीर झाला होता. अर्ध्या शतकात सुमारे ४०० कोटी झाडे गेली. बुरशीचे नाव लवकर कळले. तिचे मूळ, तिचा प्रवास आणि तिचा स्वभाव कळायला वेळ लागला, आणि त्या वेळेतच जंगल संपले.

त्याच रोगाचा युरोपातला अनुभव वेगळा निघाला. १९५० च्या सुमारास इटलीत काही चेस्टनट झाडांवरचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. त्या व्रणांतून वेगळी केलेली बुरशी प्रयोगशाळेत फिकी, मंद आणि कमी घातक निघाली, कारण तिच्या आत एक विषाणू होता. पुढे फ्रान्समध्ये हीच दुर्बळ बुरशी मुद्दाम व्रणांवर लावून रोग आटोक्यात आणण्याचे प्रयत्न झाले. हे साध्य होण्यासाठी 'चेस्टनटवर बुरशी आहे' एवढी ओळख पुरली नसती. एकाच जातीच्या बुरशीचे दोन वाण शेजारी शेजारी वाढवून तपासावे लागले. ओळख कुठपर्यंत न्यायची, हा प्रश्न या शास्त्रात नेहमीच असतो आणि त्याचे उत्तर उपाय काय करायचा आहे यावर ठरते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात काळ्या अक्रोडाची झाडे या शतकाच्या सुरुवातीला मरू लागली, तेव्हा बराच काळ दोष दुष्काळावर गेला. नंतर लक्षात आले की अगदी बारीक सालकिडा, अक्रोडाच्या फांद्यांत शिरताना, आपल्याबरोबर एक बुरशी नेतो आणि प्रत्येक छिद्राभोवती लहानसा व्रण तयार होतो. व्रण एकत्र आले की फांदी मरते. २०११ मध्ये त्या बुरशीला जिओस्मिथिया मॉर्बिडा असे नाव मिळाले. कॅलिफोर्नियात १९८४ पासून पिस्त्याचे घोस आणि कोंब काळे पाडणारा रोग बोट्रिओस्फेरिएसी या कुळातल्या बुरशींमुळे होतो असे सिद्ध झाले, आणि बदाम व अक्रोडावरच्या व्रणांतही याच कुळातल्या बुरशी निघाल्या. या कुळाचे नाव लक्षात ठेवावे, कारण आपल्या काजूचा मुख्य संशयित त्यातलाच आहे.

काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला. आज त्याच ब्राझीलच्या ईशान्य भागात, अर्धशुष्क पट्ट्यात, काजूच्या खोडावरचा डिंकाळ व्रण हा मोठा रोग आहे. खोड फुगते, साल काळी पडून फाटते, डिंक वाहतो आणि सालीखालचे लाकूड गडद तपकिरी होते. फोर्तालेझा येथील एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने त्यावर वर्षानुवर्षे काम केले. कारण ठरली लॅसिओडिप्लोडिआ थिओब्रोमी ही बुरशी. रोगट बागांसाठी बीआरएस २२६ ही तुलनेने सहनशील कलमी जात पुढे आणण्यात आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी कीटकनाशकावर वेळ घालवला नाही, कारण मारेकरी कोण हे आधी नक्की केले होते.

आपल्याकडे चित्र गुंतागुंतीचे आहे, कारण आपल्या बागांत संशयित एक नाही.

पहिला अर्थातच रोठा, म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारी अळी. प्लोसिडेरस फेरुगिनिअस हा तिचा भुंगा बहुधा बुंध्याच्या तळाशी, सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी साल आणि लाकूड यांच्यामधून वाट काढत जाते. तिची खूण म्हणजे डिंकाबरोबर बाहेर येणारा भुसा आणि विष्ठा. बुंध्याच्या पायथ्याशी, मातीपासून हात-दोन हातांत, चघळलेल्या तंतूंचा भुसा डिंकात मिसळलेला दिसला तर कोयत्याने साल सोलावी. आत वाकडेतिकडे बोगदे आणि पांढरी अळी सापडते. इथे औषध कीटकासाठी हवे. अळी काढणे आणि बुंध्याला शिफारशीचे कीटकनाशक लावणे हा मार्ग आहे.

दुसरा गुलाबी रोग. याची बुरशी एरिथ्रिसियम सॅल्मोनिकलर. जुन्या पुस्तकांत ती कॉर्टिसियम सॅल्मोनिकलर नावाने सापडेल. १८७३ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या नमुन्यांवरून बर्कली आणि ब्रूम या इंग्रज अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. रबर, कोको, कॉफी, फणस, आंबा, लिंबूवर्गीय झाडे अशी तिची यादी मोठी आहे. ही पावसाळी बुरशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बेचक्याजवळ पाहिले तर सालीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट, रेशमी धागे पसरलेले असतात. काही दिवसांनी बारीक पांढरे फोड येतात, मग फिकट गुलाबी कवच फांदीच्या सावलीतल्या बाजूने चढते. दुसऱ्या बाजूला कधीकधी नारिंगी-तांबड्या पुळ्या उठतात. तीही त्याच बुरशीची एक अवस्था. फांदी वरून वाळू लागते ती यानंतर. उपाय सोपा आणि जुना आहे : वाळलेली फांदी रोगाच्या खुणेच्या बरेच खाली निरोगी लाकडात कापायची, बाहेर नेऊन जाळायची आणि कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. पावसाच्या तोंडावर आणि पाऊस संपताना १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी ही संरक्षणाची बाजू.

या रोगाबाबत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेळेची आहे. काजूची पाहणी, चर्चा, शिबिरे बहुतेक वेळा मोहोर आणि बी गोळा होण्याच्या काळात, जानेवारी ते एप्रिलमध्ये होतात. तोवर गुलाबी कवच धुऊन, सोलून गेलेले असते. राहते ती फक्त वाळकी फांदी आणि उकललेली साल. पुरावा आंबोलीच्या धुक्यात ऑगस्टमध्ये होता. तपासणारा मार्चमध्ये येतो. गुलाबी रोगाचे निदान पावसात, छत्री घेऊन, झाडाखाली उभे राहूनच करावे लागते, आणि ते करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

तिसरा संशयित लॅसिओडिप्लोडिआ. ही उष्ण हवेची बुरशी. २८ ते ३० अंश तापमान तिला सर्वांत मानवते. आंबा, द्राक्ष, कोको, केळी, पपई अशा सुमारे पाचशे वनस्पतींवर तिची नोंद आहे. ती बेचक्यातून, कापलेल्या टोकातून, उन्हाने भाजलेल्या सालीतून, ढेकण्याच्या टोचणीतून आत जाते. ढेकण्या, म्हणजे ज्याला चहाचा डास म्हणतात तो हेलोपेल्टिस, कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर सोंड खुपसून रस शोषतो आणि काळे डाग पाडतो. काजूचा मोहोर करपतो तो बुरशीने की ढेकण्याने, याची भारतीय संशोधकांत एकेकाळी बरीच चर्चा झाली. कीटक आधी टोचतो आणि बुरशी त्या जखमेत मागून येते, हे पुढे मान्य झाले. शेंडे वाळण्यातही तसेच घडते, आणि तिथे कोलेटोट्रायकम ही करप्याची बुरशीही हजर असते.

आता एक प्रश्न शेतकरी हमखास विचारतो : डिंकच वाहतो ना, मग संत्र्याच्या डिंक्याचे औषध का नको? कारण संत्र्याचा डिंक्या फायटोफ्थोरामुळे होतो, आणि फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशींच्या वंशातला नाही. मेटॅलॅक्झिलसारखे औषध त्याच्यावर चालते, कारण त्याची पेशींतली यंत्रणा वेगळी आहे. लॅसिओडिप्लोडिआवर ते चालत नाही. नागपूरच्या बागेत झाड वाचवणारे औषध आजऱ्याच्या बागेत मातीत जाते. योग्य ओळख नसल्याचा खर्च इतका थेट असतो.

मग लॅसिओडिप्लोडिआ ओळखायची कशी? इथून काम बागेतून प्रयोगशाळेत जाते, आणि पहिली चूक नमुना घेतानाच होते. पूर्ण मेलेला, काळा लाकडाचा तुकडा कोणीही आणून देतो. पण त्यात मारेकरी बुरशी बहुधा राहिलेली नसते. मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या दहा जणी तिथे आल्या असतात. नमुना जिवंत आणि मेलेल्या भागाच्या सीमेवरून घ्यायचा. फांदीचा आडवा काप घेतला की निरोगी पिवळट-पांढऱ्या लाकडात तपकिरी पाचर आत शिरलेली दिसते. बोट्रिओस्फेरिएसी कुळातल्या बुरशींची ही पाचर ओळखीची खूण आहे. त्या पाचरीच्या कडेचे काही मिलिमीटरचे तुकडे कापायचे, वरच्या जंतूंचा नाश होण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात मिनिटभर बुडवायचे, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचे, टिपकागदावर कोरडे करायचे आणि बटाटा-डेक्स्ट्रोज अगारच्या ताटलीत ठेवायचे. जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात प्रतिजैविक घालतात.

लॅसिओडिप्लोडिआ असेल तर फार वाट पाहावी लागत नाही. तीन-चार दिवसांत ताटली भरते. आधी पांढरा कापूस, मग करडा, आठवड्याभरात धुरकट काळा. पण काळा कापूस पाहून नाव लिहायचे नाही. काळ्या बुरशी पुष्कळ आहेत. तिला बीजाणू करायला लावायचे असतात, आणि ती ते सहज करत नाही. निर्जंतुक केलेल्या पाइनच्या सुया किंवा काजूच्याच काड्या साध्या अगारवर ठेवून प्रकाशात ठेवल्या की काही आठवड्यांत त्यांवर काळ्या गोल पुटकुळ्या येतात. त्या फोडून भिंगाखाली पाहिल्यावर ओळख पटते. कोवळे बीजाणू रंगहीन, अखंड आणि जाड भिंतीचे असतात. पिकले की गडद तपकिरी होतात, मध्ये एक आडवा पडदा येतो आणि अंगावर उभ्या रेषा उमटतात. या उभ्या रेषा हीच त्या प्रजातीची सही. लांबी २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आगेमागे. कोवळे आणि पिकलेले बीजाणू एकाच पुटकुळीत दिसतात, म्हणून घाईने पाहणारा त्यांना दोन वेगळ्या बुरशी समजतो.

गेल्या वीस वर्षांत या सहीलाही मर्यादा आहेत हे कळले. पातुयार या फ्रेंच अभ्यासकाने १८९२ मध्ये इक्वेडोरच्या कोकोवरून या बुरशीचे वर्णन केले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे उष्ण कटिबंधातली रेघोट्या असलेली प्रत्येक अशी बुरशी त्याच एका नावाखाली जमा होत गेली. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जांभळाच्या प्रजातीतल्या एका रानझाडावरून वेगळी जात वर्णिली गेली, तेव्हा डीएनएचा आधार घेतला गेला. त्यानंतर दारे उघडली. आज या प्रजातीत वीसहून अधिक जाती मानल्या जातात आणि ब्राझीलच्या काजू, आंबा आणि इतर फळझाडांवरही त्यांपैकी अनेक सापडल्या. म्हणजे जुन्या कागदांवर 'थिओब्रोमी' लिहिलेले प्रत्येक नाव आज पुन्हा तपासण्याजोगे आहे, आपल्याकडचेही.

डीएनए तपासणी आता पुण्या-मुंबईत सहज होते आणि तिच्यावर पुष्कळांचा अतिविश्वास आहे. २०१२ मध्ये बुरशींच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा सर्वमान्य खूण म्हणून स्वीकारला गेला. पदव्युत्तर प्रबंधांत तोच एक तुकडा वाचून, संगणकावर जुळवून, नाव लिहून टाकतात. लॅसिओडिप्लोडिआच्या जवळच्या जाती मात्र केवळ आयटीएसने सुटत नाहीत. निदान टीईएफ-१ अल्फा या जनुकाचा तुकडा, आणि शक्य तर बीटा-ट्युब्युलिनचाही, बरोबर वाचावा लागतो. एका तुकड्यावर जातीचे नाव देणारा अहवाल मी अपुरा मानतो, तो कितीही चकचकीत छापलेला असो.

नाव मिळाले तरी खरा प्रश्न उरतोच : हिनेच झाड मारले का? बोट्रिओस्फेरिएसी कुळातल्या बुरशी निरोगी झाडांच्या आत, काहीही लक्षण न दाखवता, वर्षानुवर्षे राहतात. झाड अडचणीत आले की त्या उठतात. पाण्याचा ताण, वणवा, कडक उन्हाने भाजलेली साल, खोल जखम, यांतले काहीही निमित्त पुरते. कोल्हापूरच्या पश्चिम डोंगरांत फेब्रुवारी ते मे वणव्यांचा काळ असतो. गवताची आग बागेच्या कडेने सरकते, झाड जळत नाही, पण बुंध्याची एक बाजू भाजते. वर्षभराने तिथेच व्रण दिसतो आणि लॅसिओडिप्लोडिआ निघते. मारेकरी बुरशी की आग? दोघीही. म्हणून रोगट झाडातून बुरशी मिळाली एवढ्यावर कोणी निकाल देऊ नये.

निकालासाठी रॉबर्ट कॉखने क्षयाच्या काळात घालून दिलेली रीत आजही तीच आहे. शुद्ध वाढवलेली बुरशी निरोगी काजूच्या कलमांवर लावायची : सालीत छोटी गोल खाच पाडायची, तीत बुरशीने भरलेला अगारचा तुकडा बसवायचा, वरून बांधायचे. शेजारच्या कलमांवर हीच खाच, पण अगार कोरा. काही आठवड्यांनी दोन्हींवरच्या व्रणांची लांबी मोजायची आणि रोगट कलमांतून तीच बुरशी परत मिळते का पाहायचे. कोऱ्या अगारच्या कलमांशिवाय केलेल्या प्रयोगाला किंमत नाही, कारण खाचेनेच थोडे लाकूड मरते. पाण्याचा ताण दिलेली आणि नियमित पाणी दिलेली कलमे वेगळी ठेवली तर आपल्या पट्ट्यासाठी सर्वांत उपयोगी उत्तर मिळेल.

काजूइतकी जागा नारळाला देत नाही, पण एक नोंद आवश्यक आहे. सिंधुदुर्ग-गोव्यात नारळाच्या खोडातून तांबूस-तपकिरी द्रव झिरपतो, तो खोड पाझरण्याचा रोग थिएलाव्हिऑप्सिस पॅराडॉक्सा या बुरशीचा आहे. हीच बुरशी उसाच्या बेण्यावर अननस रोग आणते. कुजलेली कांडी फोडली की पिकलेल्या अननसाचा वास येतो, हे कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला नवे नाही. दोन पिके, दोन लक्षणे, एकच बुरशी. उसाच्या रोगांची ओळख या जिल्ह्यात पक्की आहे, कारण उसासाठी संशोधन केंद्र, कारखान्यांचे शेती विभाग आणि बेणेमळे गेली अनेक दशके काम करत आहेत. काजूच्या वाट्याला त्याच्या एक दशांश लक्षही आले नाही, आणि हे अन्यायकारक आहे.

साधने मात्र दूर नाहीत. १९३५ मध्ये उप्पल, पटेल आणि कामत या तिघांनी मुंबई इलाख्यातल्या बुरशींची यादी प्रसिद्ध केली; त्या परंपरेवर पुढे महाराष्ट्रात बुरशीशास्त्र उभे राहिले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची आजची आघारकर संशोधन संस्था पुण्यात आहे. तिथे आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा वाळवलेला संग्रह आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तिथे बुरशी ओळखूनही मिळते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती दिल्या. चंदगड-आजऱ्याच्या बागा त्यांच्याच कलमांवर उभ्या आहेत. पुत्तूरला काजू संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोल्हापुरात शेंडा पार्कचे विभागीय कृषी संशोधन केंद्र, कृषी महाविद्यालय आणि शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. या सर्वांना जोडणारी एक पाहणी हवी, आणि ती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी हवी. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला काही कोसांत तो झपाट्याने कमी होतो. घाटाकडच्या गावांत गुलाबी रोग, पूर्वेकडच्या उन्हाळी उतारांवर लॅसिओडिप्लोडिआ जास्त असावी, असा माझा अंदाज आहे. तो खरा-खोटा ठरवायला दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पुरतील.

रोपवाटिकांकडेही पाहायला हवे. मृदुकाष्ठ कलमासाठी मातृवृक्षाची काडी घेतात. मातृवृक्ष वरून निरोगी, आतून बुरशीचा वाहक असेल, तर काडीबरोबर बुरशीही नव्या बागेत जाते आणि झाड मोठे होईपर्यंत गप्प राहते. मातृवृक्षांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल कलमाच्या पिशवीबरोबर शेतकऱ्याला मिळावा.

बागाईतदाराने स्वतः करण्यासारखे बरेच आहे. कापलेल्या वाळक्या फांद्या सरपण म्हणून बागेतच रचून ठेवू नयेत. पावसात त्यांवरच्या पुटकुळ्यांतून निघालेले बीजाणू शिंतोड्यांनी शेजारच्या सालीवर जातात. रोगट झाड छाटल्यावर कोयता आणि करवत निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. प्रत्येक मोठ्या घावावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. उन्हाळ्यापूर्वी बागेच्या कडेने जाळपट्टा काढावा. आणि लाकडाच्या आत गेलेली बुरशी पानांवर फवारून मरत नाही, हे दुकानदाराने कितीही सांगितले तरी विसरू नये.

माती परीक्षणाला नमुना देण्याची सवय आपल्या शेतकऱ्याने लावून घेतली आहे. तशीच झाडाच्या नमुन्याची लावून घ्यावी. येत्या जुलैमध्ये फांदी वाळताना दिसली तर फवारा हातात घेण्यापूर्वी बेचक्यात गुलाबी कवच आहे का, बुंध्यात भुसा आहे का पाहावे. दोन्ही नसेल, साल खाली बसली असेल आणि डिंक येत असेल, तर जिवंत-मेलेल्या सीमेवरचा वीतभर तुकडा कापावा, कागदात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, त्यावर गाव, झाडाचे वय, जात आणि तारीख लिहावी आणि दोन दिवसांच्या आत जवळच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात पोचवावा. तालुक्यातून असे पन्नास नमुने एका पावसाळ्यात गेले, तर शास्त्रज्ञांना ही पाहणी टाळता येणार नाही.